एक बेल थांबायची

परवा नातीनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. घरातल्या मोठ्या माणसांची कसलीशी पाहणी करायला शाळेत सांगितलीय म्हणे. "आजी, आयुष्याबद्दल तू किती समाधानी आहेस? पाच चेहरे आहेत बघ. एकावर बोट ठेव."

पाच पिवळेजर्द चेहरे. पहिला रडका, पाचवा दात काढणारा. मधल्याचं तोंड म्हणजे एक सरळ रेघ.

"ह्याला काय झालंय?"

"तो मधला आहे. सुखी पण नाही, दुःखी पण नाही."

"तसं काही नाही. 'मला जाऊ द्या, गुरं सोडायचीत' असं म्हणतोय तो."

नात वैतागली. "आजी, प्लीज ठेव ना कशावर तरी बोट. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

पुढचं पान उघडत नाही म्हणे! त्यावर मी असं काही बोलले, की सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. बिचाऱ्या पोरीची काहीच चूक नव्हती. तो राग तीस वर्षं जुना आहे. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा, आणि निम्मा मला कोकरेबाईंनी दिलेला. दुसरा निम्मा मी जपून वापरते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. परदेशी पैशावर चाललेला मोठा अभ्यास. विकसनशील देशांतलं शिक्षण आणि तिथल्या माणसांचं सुख यांचा एकमेकांशी काय संबंध, असा विषय. प्रश्नावली सगळ्या देशांना एकच, आणि आमच्या वाट्याला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली गावं. ती मराठीत आणताना अभ्यासाचे प्रमुख असलेल्या पुण्याच्या सरांनी सुखासाठी 'सुखमान' असा एक शब्द घडवला होता. शब्द देखणा होता. कोऱ्हाळ्याच्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, तुमच्या कुटुंबाचं सुखमान कसं आहे?" ती म्हणाली, "सुखमान न्हाय बाई आमच्यात कुणी. सुलेमान हाय, पल्याडच्या आळीला."

मी ते उत्तर गंभीर चेहऱ्यानं 'लागू नाही' या रकान्यात टाकलं. अशी होते मी. बारामतीतल्या कापडदुकानदाराची मुलगी, पुण्याला जाऊन समाजशास्त्रात एम.ए. झालेली, आणि परत आल्यावर आपल्याच गावाला 'फील्ड' म्हणणारी. खांद्याला झोळी, डोळ्यांवर गॉगल. उन्हासाठी नव्हता तो. आपण कुणाकडं बघतोय हे समोरच्याला कळू नये, असं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. शेळगावात एका आजीनं माझ्या सोबतच्या मुलीला हळूच विचारलं होतं, "हिचं डोळं आल्यात का गं?"

कोकरेबाई आम्हा मुलाखती घेणाऱ्या पाच मुलींच्या सुपरवायझर. पन्नाशीच्या आसपास वय, काटक अंग, पुरुषी सँडल, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. त्यांच्या माहेरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणी वर्षातले सहा महिने शाळेत आणि सहा महिने मेंढरांमागं, असं करत त्या मॅट्रिक झाल्या होत्या. दोन्ही तालुक्यांतली एकही वस्ती अशी नव्हती, जिथं बाईंना पाणी विचारणारं कुणी नाही. रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. इतका खाली, की आपल्याला पुढं वाकून शिव्या ऐकाव्या लागायच्या.

त्यांचे यजमान बसचे कंडक्टर, गावाकडच्या भाषेत 'मास्तर', होते. ते गेल्यावर त्यांच्या मागं घड्याळ उरलं आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच. पंच खरा तर डेपोत परत द्यायचा असतो. बाईंनी "घावत न्हाय" असं कळवून टाकलं आणि तो कायम पिशवीत ठेवला. आमचा भरलेला फॉर्म त्या ओळीओळीनं वाचायच्या, आणि पटला तरच त्याच्या वरच्या कोपऱ्यात पंच लावायच्या. टक्. बारीक गोल भोक. पटला नाही, तर तोच पंच टेबलाच्या कडेवर आपटायच्या, कंडक्टर दांडीवर आपटतात तसा. टिक् टिक् टिक्. तो आवाज आला की आम्ही पाचही जणी आपापल्या थापा आठवायला लागायचो.

संस्थेचा नियम होता, फॉर्म पेन्सिलीनं भरायचे. म्हणजे पुण्यात तपासताना दुरुस्त करता येतात. बाई समासात लिहायच्या, आणि लिहायच्या त्या पेनानं. माणूस जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. सरांनी एकदा हसत हसत सांगितलं, "कोकरेबाई, पेन्सिल वापरा हो." बाई म्हणाल्या, "माणसानं पेन्सिलीनं सांगितलं न्हाई, सर."

त्या प्रश्नावलीत एक शिडी होती. दहा पायऱ्यांचं चित्र. सगळ्यात वरच्या पायरीवर सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खाली सगळ्यात वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर आहात? सुप्याला एका कोरडवाहू शेतकऱ्यापुढं मी ते चित्र धरलं. ऐंशीच्या घरातला माणूस, सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "शिडी टेकवलीया कशाला?"

"टेकवली नाहीये आबा. नुसतं चित्र आहे."

"मग चढायचं कसं? भिताडाला टेकवली असंल तर सातवी म्हण. कडब्याच्या गंजीला टेकवली असंल तर मी खालीच बरा."

मी सात लिहिले. शेजारी बसलेल्या बाईंनी माझे सात खोडले आणि आबांचं सगळं बोलणं समासात उतरवलं. आठवड्यानं सर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, ह्यात आकडा कुठाय?"

"आकडा दिलाच न्हाई त्यांनी. त्यांनी तुमाला प्रश्न इचारलाय. तुमी उत्तर लिवा, मी नेऊन दिते सुप्याला."

सर हसले. सर वाईट माणूस नव्हते. आमच्यासाठी पुण्याहून पेढे आणायचे, पाचही जणींची नावं त्यांना पाठ होती, गरिबीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा. माणूस वाईट असता तर मला आज इतका संताप आला नसता.

माझ्या मुलाखती बाईंना पहिल्यापासून खुपायच्या. एकदा इंदापूरहून बसनं परत येत होतो. गर्दी होती, आम्ही दोघी कंडक्टरच्या बेलच्या दोरीखाली उभ्या. बाई वर बोट दाखवून म्हणाल्या, "ही दोरी बघितलीस का, एमेबाई?" मी एम.ए. म्हणून त्यांनी मला ठेवलेलं हे नाव. "एक बेल थांबायची, दोन बेल सुटायची. आमच्या मास्तरांनी आयुष्यभर एवढंच केलं. तू सारखी दोन दितीस."

"म्हणजे?"

"आज सकाळच्या बाईला इचारलंस, 'तुम्ही समाधानी आहात का?' ती जरा थांबली. पदर हातात घेतला. काहीतरी येत हुतं तिच्या तोंडात. तेवढ्यात तू म्हणलीस, 'म्हणजे बरं आहे ना?' ती म्हणली, 'बरं हाय.' टिंग टिंग! गाडी पुढं. तिला उतरायचं हुतं, पोरी."

मला अपमान वाटला. माझी मुलाखत सगळ्यांत लवकर संपायची. त्याचा मला अभिमान होता.

आता चिंचमळ्याचं सांगते. इंदापूरकडं जाताना कालव्याच्या अलीकडं चिंचमळ्याचा फाटा लागतो. तिथून आत वीस-पंचवीस घरांची वस्ती, ओलिताखालची जमीन, वांगी-टोमॅटोची शेतं. तिथल्या बबनरावांच्या घरी मी गेले. त्यांची थोरली मुलगी मंगल, वय तेरा. सातवी झालेली, आठवी मधेच सुटलेली. अंगणात वांग्यांचा ढीग होता आणि ती किडकी वांगी बाजूला काढत होती.

मी बबनरावांना विचारलं, "मुलीनं शाळा का सोडली?" आणि नियमाप्रमाणं पर्याय वाचले. एक, घरकाम. दोन, लग्न. तीन, खर्च परवडत नाही. चार, शिक्षणाची आवड नाही. नऊ, इतर.

बबनरावांनी चारवर मान हलवली. "तिलाच आवड न्हाय, बाई. आमी काय अडवलंय व्हय? मंगल, व्हय का न्हाय गं?"

मंगलनं वांग्यावरची नजर न काढता म्हटलं, "व्हय."

"आणि शिडीवर कितव्या पायरीवर?"

"पाच," बबनरावच म्हणाले.

चार. पाच. अकरा मिनिटांत मी बाहेर. जाताना बबनरावांनी पिशवीभर वांगी दिली, ती मी 'संशोधकानं भेट घेऊ नये' असं सांगून परत केली आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर टिक् टिक् टिक्.

"ह्यात बापाचं उत्तर हाय. पोरीचं कुठंय?"

"ती 'व्हय' म्हणाली की."

"बापाला म्हणली. तुला कुठं म्हणली?"

आम्ही परत चिंचमळ्याला गेलो. बाईंनी फॉर्म काढलाच नाही. मंगलशेजारी फतकल मारून बसल्या आणि वांगी निवडायला लागल्या. अर्धा तास दोघी नुसत्या वांग्यांबद्दल बोलत होत्या. बबनराव मोटार चालू करायला विहिरीकडं गेले. मी गॉगल लावून डास मारत होते. मग मंगलनंच विचारलं, "बाई, ते बीजगणित आसतं नव्हं आठवीला? त्यात आकड्याच्या जागी अक्षर का घेत्यात?"

बाईंचा हात थांबला. "कुणाला म्हाईत. तुला शिकवलं न्हाई?"

"तो धडा झाला त्या दिशी मी माघारी आलते."

"माघारी का?"

"गाडी थांबली न्हाय."

बाईंनी हातातलं वांगं ढिगात टाकलं. आणखी एक वांगं उचललं, फिरवून बघितलं. एक बेल.

मग मंगल बोलली. हायस्कूल पुढच्या मोठ्या गावात. पावणेदहाची गाडी. फाट्यावर या तीन-चार पोरी हात करून उभ्या. सगळ्या पासवाल्या, म्हणजे तिकिटाची कमाई नाही. पास असलेली पोरं दिसली की ड्रायव्हर 'मागून दुसरी येतीय' असा हात करायचा आणि गाडी पळवायचा. मागची गाडी बाराला. बाराला गेलं की गुरुजी वर्गाबाहेर उभं करायचे, आणि गेलं नाही तर गैरहजेरी. कधी चालत निघालं तर कालव्याच्या कडेनं दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या तोंडाशी मोटारसायकल लावून बसलेली टवाळ माणसं. आठवड्यातले तीन-तीन दिवस मंगल फाट्यावरूनच घरी यायची.

"मग आण्णा म्हणलं, रोज माघारी येतीस. तुला आवडच न्हाय." आण्णा म्हणजे बबनराव.

परत येताना बाई फाट्यावर थांबल्या, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या चाराशेजारी समासात पेनानं लिहिलं. मी वाकून वाचलं. 'आवड नाही. मुलीला आहे. गाडीला नाही.' आणि कोपऱ्यात टक्.

मला ते वाक्य आवडलं. पण शास्त्रीय वाटलं नाही. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं! आज तो प्रसंग आठवला की माझाच कान माझ्या हातानं पिळावासा वाटतो.

त्यानंतर पंधरा दिवस कोकरेबाईंनी एकच काम केलं. त्या रस्त्यावरचे, मुलींचे, चार नंबरचे सगळे फॉर्म बाहेर काढले आणि फाट्याफाट्यावर उतरून प्रत्येक मुलीला परत भेटल्या. कुणाकडं गाडी थांबत नव्हती, कुणाकडं थांबा होता तो मोडून पार पुढं नेला होता, कुणाकडं फाट्यावरच्या टपरीवाल्याचा त्रास. घराघरांत मात्र शेवटी तेच. रोज माघारी येते, म्हणजे आवड नाही. बाप म्हणाला, मग आई म्हणाली, मग पोरगी म्हणाली, आणि मग आम्ही लिहिलं.

तो गठ्ठा घेऊन बाई सरांपुढं बसल्या. मी दारात उभी होते.

"सर, चाराच्या फुडं एक नंबर वाढवा. गाडी थांबत न्हाय."

सरांनी चार-पाच फॉर्म वाचले. खरोखर वाचले. मग चष्मा काढला. "बाई, तुमचं काम फार मोलाचं आहे. पण मधेच कोड वाढवता येत नाही. हीच प्रश्नावली आफ्रिकेत चालू आहे, बांगलादेशात चालू आहे. तुलना करायची तर सगळीकडे पर्याय तेच हवेत."

"तितं बी गाडी थांबत नसंल तर?"

सर चष्मा पुसायला लागले.

"तितल्या बायांनी बी समासातच लिवलं आसंल, सर. इचारून तरी बघा."

"आपण असं करू, हे सगळे नऊमध्ये टाकू. 'इतर'मध्ये."

बाईंचा आवाज खाली आला. मी दारातून दोन पावलं पुढं सरकले, ऐकू यावं म्हणून.

"माज्या बापाची मेंढरं हुती. सांजंला मोजून घ्यायची. मेंढरू लंगडं का, आजारी का, ह्याचा नंबर नव्हता. आकडा जुळला की झालं. माणसं बी तशीच मोजायची असली तर मला कशाला ठिवलंय? धनगराचं पोर ठिवा, माझ्यापेक्षा लवकर मोजंल." मग म्हणाल्या, "इतर! पोरीची शाळा इतरमंदी!"

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्या कोऱ्हाळ्याच्या कामाला निघून गेल्या. बाईंचा कागदावर विश्वास होता. पेनानं लिहिलंय, भोक पाडलंय, आता कोण काय करणार?

मी केलं.

सरांनी मला बोलावलं. म्हणाले, नऊमध्ये एवढे फॉर्म गेले तर वरचे लोक पाहणीच चुकली म्हणतील. मुलाखतीत वडिलांनी चार म्हटलंय ना? मग मूळ उत्तर तेच धरू. आणि समासातल्या पेनामुळं कागद फार गिचमिड झालेत, तुमचं अक्षर सुंदर आहे, तुम्ही कोऱ्या फॉर्मवर उतरवून काढा. जाता जाता हेही म्हणाले, की दिल्लीला परिषद आहे, टीममधून एकीला न्यायचं आहे.

चार दिवस मी पंख्याखाली बसून ते फॉर्म उतरवले. स्वच्छ. समास पांढराशुभ्र. मंगलचा आला तेव्हा माझा हात अडखळला, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही अडखळला. मी त्या वेळी सुंदर चार कसा काढायचा ह्याचा विचार करत होते. वरचं टोक मिटवायचं की उघडं ठेवायचं.

कोऱ्हाळ्याहून परतल्यावर बाईंनी गठ्ठा उचलला. पहिला फॉर्म हातात घेतला आणि अंगठा वरच्या कोपऱ्यावरून फिरवला. मग खिडकीकडं नेऊन उजेडात धरला.

"भोक न्हाय ह्याला."

दुसरा फॉर्म उजेडात धरला, मग तिसरा.

"कुणी उतरवलं?"

माझं अक्षर ओळखायला त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. पदर हातात धरून मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी वाट पाहिली, बरीच पाहिली. माझ्यासाठीही त्यांनी एक बेल दिली होती. मी म्हटलं, "सरांनी सांगितलं होतं."

"अक्षर लई ग्वाड हाय तुझं, एमेबाई."

ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून त्या गेल्या. पंच घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यापासून मी सुपरवायझर.

दिल्लीहून मला काय मिळालं? काळ्या रेक्झिनची एक पिशवी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत परिषदेचं नाव. ती मी पुढं कितीतरी वर्षं मिरवली. मग बारामतीतल्या एका सभागृहात आमचे निष्कर्ष मांडले गेले. अधिकारी आले, मुख्याध्यापक आले, डेपोचेही साहेब आले. पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब उभे राहिले, आणि सगळ्यात उंच खांब चारचा. मुलींच्या गळतीचं प्रमुख कारण, शिक्षणाची आवड नसणं. उपाय, प्रबोधन. टाळ्या. मी रेशमी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते आणि तो खांब माझ्या हातचा आहे, हे शेजारच्या बाईंना सांगत होते.

प्रबोधन झालं. कर्णे लावलेली जीप फिरली. रंगारी आले आणि भिंती शोधत हिंडले. चिंचमळ्याच्या फाट्यावर कुणीतरी पूर्वी बांधलेली निवाऱ्याची एक भिंत होती. तिच्यावर निळ्या रंगात हातभर अक्षरं निघाली. 'मुलींनो, आवडीने शाळेत जा!' उद्गारचिन्हासकट. त्या भिंतीखाली पोरी उभ्या राहायच्या आणि भिंतीपुढून गाडी न थांबता जायची. कितीही वेळा सांगितलं तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

शेवटची भेट म्हणावी, तर ती भेट नव्हती. प्रबोधनाचं मूल्यमापन करायला मी इंदापूरला निघाले होते. हो, त्याचीही पाहणी होती, त्याचेही फॉर्म होते. जीप दुरुस्तीला गेली म्हणून बसनं. दाराजवळची जागा मिळाली, मांडीवर काळी पिशवी. गाडीत चिक्कार गर्दी. कंडक्टर तरुण होता. तिकीट फाडता फाडता पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या तात्यांशी त्याच्या गप्पा चाललेल्या.

"आज आठवा दिस, तात्या."

"कशाचा?"

"आमच्या कोकरे मास्तरांची बायको. चिंचमळ्याच्या फाट्यावर रोज रस्त्याच्या मधी उभी ऱ्हाती, हात आडवा करून. ड्रायव्हर शिव्या दितोय, पर थांबतोय. काय करंल, बाईच्या अंगावर घालतोय व्हय?"

"येडी का काय?"

"आदी डेपोत गेलती अर्ज घेऊन. सायेब म्हणलं, एवढी मोठी पाहणी झाली, त्यात तर गाडीची अडचण कुटंच आली न्हाई. पोरींनाच आवड न्हाई म्हणून छापलंय. मग बाई पोरीच्या बापाकडं गेली. बाप म्हणला, आठ शाळेचं दिस लागोपाठ गाडी थांबवून दाखवा, पोरगी धाडतो. एक दिस जरी माघारी आली, तर पुन्यांदा इषय काढायचा न्हाय. सात झालं. आज थांबली की जितली."

"थांबीवणार का तू?"

"म्हंजी काय! मास्तरांच्या हाताखाली शिकलोय म्या." आणि तो तिकिटं फाडत गर्दीतून मागं गेला.

माझी पाठ ताठ झाली. मला वाटलं, देवानं मला आज मुद्दाम ह्या गाडीत बसवलंय. मी काहीतरी करणार. निदान आज मी बाईंच्या बाजूनं असणार.

वळण संपलं आणि फाटा दिसला. निळी भिंत. तिच्यापुढं दप्तरं घेतलेल्या तीन मुली. चिंचेखाली सायकल धरून बबनराव. आणि डांबराच्या मधोमध कोकरेबाई, उजवा हात आडवा. समोरून उसाचा ट्रक आला, तशा त्या कडेला सरल्या. गाडी हळू झाली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. कंडक्टरच्या बेलची वाट बघत होता तो. कंडक्टर मागं गर्दीत अडकलेला. गाडी आणखी हळू झाली. आता बेल पडली नाही तर? मी उठले. पिशवी खाली पडली. दोरी माझ्या डोक्यावरच होती. मी हात वर केला आणि जीव खाऊन ओढली.

टिंग टिंग.

दोन.

माझ्या हातानं सवयीनं दोन दिल्या.

ड्रायव्हरनं गियर टाकला. मागून कंडक्टर ओरडला, "आरं ए! थांब!" आणि एक बेल मारली. ड्रायव्हर पुढूनच खेकसला, "काय ते एक ठरवा की!" गाडी तोवर उतारावरून कालव्याच्या पुलाला लागली होती.

कंडक्टर माणसं बाजूला सारत पुढं आला. "बेल कुणी मारली? कुणी मारली बेल?"

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तिशीची होते. एम.ए. होते. गप्प बसले.

मान मात्र वळवली. मागच्या काचेतून फाटा दिसत होता, लहान लहान होत चाललेला. बबनरावांनी सायकल वळवली. मंगलनं दप्तर कॅरियरवर ठेवलं. कोकरेबाई रस्त्याच्या मधोमध परत येऊन उभ्या राहिल्या होत्या, तोंड आमच्या गाडीकडं. पूल संपेपर्यंत मी बघत होते. त्यांनी हात खाली घेतला नव्हता.